समलिंगी समानता : ‘हा केंद्राचा विषय’ म्हणजे नेमके काय?

समलिंगी जोडप्यांच्या हक्कांबद्दल विचारले की राज्यातल्या पुरोगामी पक्षांकडून एक ठरलेले उत्तर येते : हा केंद्राचा विषय आहे. हे उत्तर अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याकडे सोयीने डोळेझाक होते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विवाह, घटस्फोट, दत्तक आणि वारसा हे विषय समवर्ती सूचीच्या ५व्या नोंदीत एकत्र आहेत. त्यावर संसद कायदा करू शकते, तशी विधानसभाही. दोन्हींत विसंगती आली तर अनुच्छेद २५४नुसार केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. पण राज्याच्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. खरी अडचण या संमतीची आहे, अधिकाराची नाही. हा रस्ता वापरलाही गेला आहे. तेव्हाच्या मद्रास राज्याने १९६७मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून पुरोहिताशिवाय होणारे स्वाभिमान विवाह वैध केले. उत्तराखंडने २०२४मध्ये समान नागरी संहिता आणली, राष्ट्रपतींची संमती मिळवली आणि त्यात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, मात्र व्याख्या ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ अशी ठेवून. म्हणजे राज्याला हात घालता येतो; कोणत्या दिशेने, एवढाच प्रश्न.

गोव्याचे प्रकरण वेगळेच आहे. तिथला १९१०चा पोर्तुगीज विवाह कायदा विवाहाला भिन्नलिंगी दोन व्यक्तींमधला करार म्हणतो. पोर्तुगालने स्वतः २०१०मध्ये ही अट काढली. गोव्यातली प्रत होती तशीच राहिली.

आता २०२३. समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयात १८ एप्रिलला सुनावणी सुरू झाली आणि केंद्राने राज्यांना पत्र पाठवून दहा दिवसांत मत मागवले. सातच उत्तरे आली. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला, आणि त्या तिन्ही राज्यांत तेव्हा तीन वेगळ्या पक्षांची सरकारे होती. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर व सिक्कीमने मुदत मागितली. याच महाराष्ट्रात २०२०मध्ये सत्तेतल्या एका पक्षाने या समुदायासाठी स्वतंत्र विभाग काढला होता. पक्षाचा विभाग निघतो, सरकारचे मत निघत नाही.

१७ ऑक्टोबरच्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायाधीश एकमत होते. फाटा फुटला तो सिव्हिल युनियनवर, तीन विरुद्ध दोन. या शब्दाने मराठीत बराच घोळ घातला आहे. कुणी ‘नागरी विवाह’ लिहितात आणि वाचणाऱ्याला १९५४च्या विशेष विवाह कायद्यातले, तीस दिवसांच्या नोटिशीचे नोंदणी लग्न वाटते. सिव्हिल युनियन म्हणजे लग्न नव्हे. लग्नाचे नाव न घेता नात्याची नोंद आणि तिच्यामागून येणारे लाभ, इतकाच तिचा अर्थ. अल्पमतातल्या निकालपत्रात संसदेबरोबर विधानसभांचाही अधिकार स्पष्ट लिहिला आहे, त्याची चर्चा इथे जवळपास झाली नाही. पुढच्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडू सरकारला कौटुंबिक नात्याच्या नोंदणीकृत करारनाम्याचा विचार करायला सुचवले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरील फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या.

दरम्यान ऑगस्ट-सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने काही स्पष्टीकरणे दिली : जोडीदाराला शिधापत्रिकेसाठी एकाच घरातला समजावे, संयुक्त बँक खाते काढू द्यावे, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह ताब्यात द्यावा. बँक सोडली तर अंमल राज्याच्या यंत्रणेकडे आहे.

लग्नाला हात न लावताही राज्याला पुष्कळ करता येते. मुद्रांक शुल्क घ्या. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीस दिले तर मुद्रांक २०० रुपये. समलिंगी जोडीदार या यादीत नाही. ८० लाखांच्या सदनिकेवर ५ टक्के धरले तरी ४ लाख, अधिभार वेगळा. मुखत्यारपत्रावर विसंबावे तर ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, नेमके गरज पडते तेव्हा. मृत्युपत्र नसेल तर वारसा कायद्यात जोडीदाराला जागाच नाही. प्राप्तिकरात ५० हजारांवरच्या भेटीवरून असाच भेद होतो आणि त्याला २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले, पण तो कायदा केंद्राचा. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतला अनुच्छेद ३४ राज्याचा आहे. त्यात जोडीदाराची भर घालायला विवाह कायद्याला स्पर्शही करावा लागत नाही.