हमिंग कशाचं: अर्थ लूपचं की सप्लायचं?

घरी जोडलेल्या ॲम्प्लिफायरमधून घुं आवाज यायला लागला की सल्ला ठरलेला असतो: "फिल्टर कंडेन्सर (सप्लायचा चढउतार भरून काढणारा) वाढव." मग पुण्यात पासोड्या विठोबाला नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पार्टांच्या बाजारात चक्कर होते, ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०००० चा येतो, आणि घुं तिथंच असतं. कारण साधं आहे. हमिंगचे कमीत कमी दोन प्रकार आहेत आणि कंडेन्सर त्यांतल्या एकावरच चालतो.

पहिला प्रकार रिपलचा. आपली वीज ५० हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरमधून (चार डायोडमधून) गेल्यावर दोन्ही अर्ध्या लाटा एकाच बाजूला येतात, म्हणून कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो आणि मधल्या वेळात थोडा रिकामा होतो. हा चढउतार म्हणजे रिपल. तो किती, हे कागदावर काढता येतं: करंटला १०० ने आणि फॅरडमधल्या कपॅसिटन्सने भागायचं. ४७०० मायक्रोफॅरडवर १ अँपिअर ओढला तर साधारण २ व्होल्ट. आकडा मोठा वाटतो, पण नुसता चालू ठेवलेला, गाणं न लावलेला टीडीए २०३० (ॲम्प्लिफायरचा आयसी) काही दहा मिलिअँपिअरच घेतो. म्हणजे शांत असताना रिपल एका व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि त्यातलाही बहुतेक भाग आयसी स्वतःच दाबून टाकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गाणं बंद असताना स्पष्ट हमिंग येत असेल, तर रिपलवर संशय शेवटी घ्या. खरा रिपल मोठ्या आवाजात त्रास देतो. बेसच्या ठोक्याबरोबर घरघर येते आणि ठोका संपला की विरते. अपवाद दोन. कंडेन्सर सुकलेला असेल तर शांतपणीही ऐकू येतं. आणि सिंगल सप्लायच्या (प्लस-मायनस नसलेल्या, एकाच व्होल्टेजच्या) सर्किटमध्ये इनपुटला अर्धा व्होल्टेज देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडावरचा छोटा कंडेन्सर गेला असेल, तर सप्लायची घाण थेट इनपुटला पोचते. हा दहा रुपयांच्या आतला पार्ट, आणि बदलतात मात्र मोठा फिल्टर कंडेन्सर.

दुसरा प्रकार अर्थ लूपचा. ॲम्प्लिफायरची पत्र्याची पेटी थ्री-पिनमधून अर्थला, डेस्कटॉपची पेटीही थ्री-पिनमधून अर्थला, आणि दोघांच्या मध्ये आरसीए (ऑडिओच्या गोल पिनेच्या) वायरची शिल्ड, म्हणजे बाहेरची जाळी. झालं वर्तुळ पूर्ण. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये थोडासा फरक असतोच, आणि त्या फरकाचा करंट शिल्डमधून वाहतो. शिल्डचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आणि करंट १० मिलिअँपिअर धरला तर १ मिलिव्होल्ट होतो. घरगुती ऑडिओचा सिग्नल ३०० मिलिव्होल्टच्या आसपास असतो, म्हणजे हा १ मिलिव्होल्ट त्याच्या ५० डेसिबल खाली. दिवसा पंख्याच्या आवाजात कळत नाही, रात्री खोली शांत झाली की कळतं. केबलवाल्याची वायर सेट-टॉप बॉक्सला जोडली तरी असंच वर्तुळ होऊ शकतं, कारण त्या वायरची शिल्ड दुसरीकडेच कुठंतरी अर्थ झालेली असते.

कानाने ओळखायला गेलात तर फसाल. चार इंची स्पीकर ५० हर्ट्झ नीट वाजवतच नाही; ऐकू येतात ते त्याचे वरचे पट. मोबाइलवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजात कुठले हर्ट्झ किती आहेत ते दाखवणारं ॲप लावा आणि फोन स्पीकरजवळ धरा. १००, २००, ३०० वर सुळके असतील तर रेक्टिफायरच्या बाजूला बघा. ५०, १५०, २५० दिसले तर लूप, किंवा ट्रान्सफॉर्मरजवळून गेलेली इनपुटची वायर. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवून आवाज बदलला तर वायरच. ब्रिजमधला एक डायोड उघडा पडला असेल तर मात्र रिपलही ५० चा होतो, एवढं लक्षात ठेवा.

ॲप नसलं तरी अडत नाही. सगळ्या इनपुट वायरी काढा आणि आरसीए सॉकेटचं मधलं टोक व बाहेरची कडी एका शॉर्ट केलेल्या पिनने जोडा. हमिंग गायब झालं तर पेटीच्या आत बहुधा दोष नाही. मग लॅपटॉप जोडून त्याचा चार्जर काढून बघा. बॅटरीवर शांत आणि चार्जरवर घुं, म्हणजे लूप पकडला. पिन लावूनही आवाज तसाच राहिला तर दोष आत आहे. रिपल मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजता येतो, पण काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाही आकडा दाखवतात आणि पिना उलट्या लावल्या की शून्य. म्हणून मीटरच्या एका पिनेत ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सिरीजमध्ये घालूनच मोजा.

लूप तोडण्यासाठी प्लगची अर्थ पिन कापणारे भेटतील. कापू नका. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर २३० व्होल्ट पेटीवर येतो, आणि ती पिन नसेल तर त्याला जायची वाट म्हणजे तुमचा हात. तोडायची ती सिग्नलची बाजू. पेटी अर्थलाच ठेवा, सर्किटचं ग्राउंड आणि पेटी यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर, भरपूर करंट झेपणारा ब्रिज रेक्टिफायर लावा. हे जमण्यासाठी आरसीए सॉकेट पेटीपासून इन्सुलेट केलेले हवेत. हे सगळं नको असेल तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. स्वस्तातला असेल तर बेस थोडा जातो.

आता सगळ्यात फसवा प्रकार. इनपुट शॉर्ट केलंय, व्हॉल्यूम शून्यावर आहे, ॲपमध्ये १०० चे सुळके आहेत, आणि कंडेन्सर नवा कोरा. लक्षण रिपलचं, दोष ग्राउंडच्या वायरिंगचा. कंडेन्सर सारखा भरत नसतो; लाटेच्या टोकाला थोडाच वेळ, पण सरासरीच्या कितीतरी पट करंटने भरतो. ट्रान्सफॉर्मरच्या शून्याच्या (मधल्या) वायरीतून हे झटके जातात. इनपुटचं ग्राउंड त्याच वायरीवर कुठंतरी डागलं असेल, तर वायरीच्या ०.०२ ओहमवर अर्ध्या अँपिअरच्या झटक्यानेही १० मिलिव्होल्ट पडतात, आणि ते सरळ वाजतात. इथं मोठा कंडेन्सर लावला तर झटके अरुंद आणि उंच होऊन घरघर उलट वाढू शकते. उपाय फक्त वायरीचा: बारा-शून्य-बारा ट्रान्सफॉर्मरचं शून्य आधी दोन्ही फिल्टर कंडेन्सरांच्या जोडावर न्या, तिथून एक जाड वायर वेगळ्या बिंदूवर काढा, आणि स्पीकरचं ग्राउंड व इनपुटचं ग्राउंड त्या बिंदूवरच, आपापल्या वायरीने आणा. डागणी सुरू करण्यापूर्वी प्लग काढा आणि कंडेन्सर १०० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामे करून घ्या.