प्रतिसरकार (सातारा) आणि क्रांतिसिंह नाना पाटील

१९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यातल्या गावांतून ब्रिटिश अंमल बाजूला सारून चाललेला भूमिगत कारभार म्हणजे प्रतिसरकार. बोलीत त्याला पत्री सरकार म्हणत. तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सातारा आणि सांगलीचा बराचसा भाग मोडत असे. १९४९ मध्ये संस्थाने विलीन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे प्रतिसरकार आमचे की तुमचे हा वाद सातारकर आणि सांगलीकर आजही चवीने घालतात. चळवळीच्या बहुतेक प्रमुख जागा (कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र, शिराळा) आज सांगलीत आहेत, इतके नमूद करून ही नोंद पुढे जाते.

या कारभाराचा चेहरा होते नाना रामचंद्र पाटील (३ ऑगस्ट १९०० – ६ डिसेंबर १९७६). गाव मच्छिंद्रगडाच्या पायथ्याचे येडेमच्छिंद्र, तालुका वाळवा. आडनाव खरे पिसाळ, पण पाटीलकीचे नावच कायम झाले. सरकारी नोकर, कायदेभंग करणारा, फरारी, स्वतःच सरकार, पुढे खासदार आणि तरीही विरोधक, असा त्यांचा प्रवास आहे. विसाव्या शतकातल्या भारतात ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे या एका माणसामागे चालत गेले तरी कळते.

नाना सुरुवातीला तलाठी होते. चरित्रलेखक ही गोष्ट एका ओळीत उरकतात. प्रस्तुत लेखकाच्या मते तिथे थांबायला हवे. खेड्यातल्या माणसाला सरकार दिसते ते तलाठ्याच्या रूपात. शेतसारा तो वसूल करणार, पीकपाहणी तो लिहिणार, जमीन गहाण पडली की फेरफाराची नोंदही तोच घालणार. कोणाचे रान कोणत्या साली, कशापायी सावकाराच्या घरात गेले, हे गावात दोघांनाच नीट ठाऊक असते, सावकाराला आणि तलाठ्याला. नानांवर सत्यशोधक विचारांचा संस्कार होता आणि वारकरी वळणही होते, पण त्यांच्या भाषणांतले कर्ज, हुंडा आणि जमीन हे विषय दप्तरातून आलेले असावेत असे वाटत राहते. १९३० मध्ये गांधीजींनी कायदेभंग पुकारला, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. त्याच साली शिराळा तालुक्यातल्या बिळाशीत जंगल सत्याग्रह पेटला होता. पुढची बारा वर्षे तुरुंगात जा, सुटून ये, सभा घे, पुन्हा जा, अशी गेली. नानांचे वक्तृत्व पुस्तकी नव्हते. बैल, पेरणी, सासुरवास असले दाखले देत ते तासन्‌तास बोलत आणि बैलगाड्या जोडून आलेली माणसे ऐकत बसत.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पुढारी गजाआड गेले. साताऱ्यात लोकांनी एक साधा मार्ग निवडला. तालुक्याच्या कचेरीवर चालून जायचे आणि तिच्यावर तिरंगा लावायचा. कराडला २४ ऑगस्टला मोर्चा निघाला, तासगावला ३ सप्टेंबरला. तासगावात मामलेदाराच्या डोक्यावर गांधीटोपी चढली आणि कचेरीवर झेंडा लागला. सरकार एवढे स्वस्तात हाती येते असे एक आठवडाभर वाटले असेल. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला. हाती झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले, एकूण नऊ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे अभियंते पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गोळीला बळी पडले. कचेरीवर चालून जाण्याचा मार्ग तिथेच संपला.

नाना भूमिगत झाले ते १९४६ पर्यंत. सरकारने घराला टाळे ठोकले, जमीन जप्त केली. कार्यकर्ते रानात गेले आणि तिथे त्यांना एक अडचण आधीच येऊन बसलेली सापडली. पोलीस चळवळीमागे लागल्याने डोंगरपट्ट्यातल्या दरोडेखोरांना रान मोकळे झाले होते, आणि काही टोळ्या तर चळवळीचे नाव सांगून लुटत होत्या. प्रतिसरकारच्या जन्मकथेत हा भाग महत्त्वाचा आहे. इंग्रजांना हुसकण्याइतकीच गावाला रात्री निवांत झोप मिळवून देण्याची गरज होती. टोळ्यांचा बंदोबस्त झाला, गावकऱ्यांचा विश्वास बसला, आणि तंटे मिटवायला लोक रानातल्या पोरांकडे येऊ लागले. १९४३ मध्ये बैठका होऊन या कामाला रीतसर घडण आली. गावोगावी पंच नेमले गेले, भागवार गट ठरले आणि शिस्तीसाठी तुफान सेना उभी राहिली.

नाना सर्वत्र होते आणि नव्हतेही. किसन वीर, पांडू मास्तर, बर्डे गुरुजी, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशा अनेकांनी आपापल्या भागात कारभार चालवला, आणि गटागटांत कुरबुरीही होत्या. नानांचे काम वेगळे होते. ते गावात आले, बोलले, की त्या गावचा कारभार अधिकृत होई. सगळे श्रेय एकट्या नानांच्या पदरात टाकणारी भाषणे दर जयंतीला होतात; ती ऐकावीत आणि सोडून द्यावीत.

कुंडल हे या कारभाराचे ठाणे होण्यामागे भूगोल आहे. हे गाव औंध संस्थानाचे, भोवती ब्रिटिश मुलूख. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ मध्ये कारभार प्रजेच्या हाती सोपवला होता. ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत सरळ घुसता येत नसे आणि संस्थानी अधिकारी काणाडोळा करीत. भोवती कृष्णाकाठचा ऊस, पुरुषभर उंचीचा जोंधळा आणि पलीकडे डोंगर. भाकरी कोणत्या घरून येते हे पोलिसांना कळत नसे. कळलेच, तर सांगणाऱ्याची रात्र बरी जात नसे.

इथे ‘पत्री’ हा शब्द येतो. बैलाच्या खुराला झिजू नये म्हणून लोखंडी पत्री ठोकतात. दोरखंडाने बैल आडवा पाडायचा, चारही पाय एकत्र बांधायचे, एकाने मानेवर बसायचे आणि पत्री मारणाऱ्याने खुरात खिळे हाणायचे. फितुराला, गुंडाला किंवा बाईमाणसाची अब्रू घेणाऱ्याला प्रतिसरकारची माणसे अशीच आडवी पाडत, पाय बांधत आणि तळव्यांवर काठीने मारत. तळपायात खरोखर पत्र्या ठोकतात, अशी आवई उठली. ‘प्रति’चे ‘पत्री’ होणे जिभेलाही सोयीचे होते. विरोधकांनी हे नाव बदनामीसाठी वापरले, लोकांनी ते धाकासाठी मिरवले. या शिक्षांत अन्याय झालाच नाही असे म्हणता येणार नाही. जिथे अपील नाही तिथे जुने वैर न्यायाचा वेष घेऊन येते, आणि हे त्या वेळच्या कार्यकर्त्यांनाही उमगत होते.

न्यायनिवाड्यात जमिनीचे, सावकारीचे आणि टाकलेल्या बायकांचे तंटे पुष्कळ असत. बेकायदा बळकावलेली जमीन परत देववली जाई, दारूबंदी कसोशीने पाळली जाई. पण सगळ्यांत दूरवर पोचलेली गोष्ट म्हणजे गांधी लग्न. हुंडा नाही, वाजंत्री नाही, मानपान नाही. सुताचे हार, थोडक्यात विधी, नाना किंवा दुसऱ्या कोणा पुढाऱ्याचे भाषण आणि पाहुण्यांना गुळपाणी. १९४५ मध्ये कुंडलला जी. डी. बापूंचे लग्न असेच झाले. नवरदेव फरारी आणि मांडवाला हजारोंची गर्दी. एरवी बापाने लेकीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज दोन-चार वर्षांत फेरफाराच्या नोंदवहीत दिसायचे. माजी तलाठ्याला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पैसा आणि शस्त्रे यांसाठी मात्र धाडी घालाव्या लागल्या. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी अडवण्यात आली. त्या कामगिरीत जी. डी. बापूंबरोबर तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड होते. १४ एप्रिल १९४४ रोजी तर साताऱ्याची मंडळी पार धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला पोचली आणि खानदेशातले कार्यकर्ते डॉ. उत्तमराव पाटील यांच्या साथीने साडेपाच लाखांचा सरकारी खजिना घेतला. त्याआधी, २४ जुलै १९४३ रोजी, सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा पाटील साथीदारांसह तट ओलांडून निघाले. अण्णासाहेब पत्रावळे व बाबुराव जाधव त्या पळापळीत मारले गेले आणि दादा जखमी होऊन पकडले गेले.

नानांची मुलगी हौसाताई त्या वेळी सतरा-अठरा वर्षांची होती. भवानीनगरच्या पोलीस चौकीतल्या बंदुका हव्या होत्या. ठरले असे की चौकीसमोर भावाने बहिणीला बदडायचे. भाऊ ओरडतोय, बहीण भुईवर लोळतेय, तो दगड उचलतोय. पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात मागून साथीदारांनी बंदुका नेल्या. नाटक खरे दिसावे म्हणून सोबत्याने खरेच मारले, ही तक्रार हौसाताईंनी म्हातारपणीही सांगितली. गोव्यातल्या एका कामगिरीत त्यांनी रात्री लाकडी पेटीवर तरंगत मांडवी ओलांडली.

१९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी पाचगणीत राहिले होते. भूमिगतांनी उघड व्हावे असे त्यांचे म्हणणे पडले. गांधींचे नाव घेऊन लग्ने लावणाऱ्या माणसांनी ते मानले नाही, आणि त्याचा फार ऊहापोहही केला नाही. चळवळ आणखी दोन वर्षे चालली. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि पंजाबातून आलेले नानकसिंग मारले गेले. दोनच महिन्यांत मुंबईत काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना उघडपणे लोकांसमोर आले.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी घटना या मुलखाच्या अंगाला लागलेली आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे गावोगाव जाळली गेली. कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. साडेतीन वर्षे लोकांचे राज्य चालवून दाखवणाऱ्या मुलखात हे घडले. प्रतिसरकारवरच्या गौरवग्रंथांत ही पाने बहुधा कोरी असतात.

नाना सत्तेत गेले नाहीत. बहुजन शेतकऱ्याचे काँग्रेसमध्ये भागणार नाही असे वाटणाऱ्यांनी शेतकरी कामगार पक्ष काढला, त्यात ते होते. तिथे फूट पडल्यावर कामगार किसान पक्ष, आणि शेवटी कम्युनिस्ट पक्ष. १९५५ मध्ये डहाणूच्या अधिवेशनात ते अखिल भारतीय किसान सभेचे अध्यक्ष झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी गावे पुन्हा पिंजून काढली, आणि १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ते पुन्हा निवडून आले ते पार बीडमधून. ज्या मुलखात त्यांचे सरकार होते तिथे तोवर काँग्रेसची आणि साखर कारखान्यांची घडी बसली होती.

त्या घडीत त्यांचे जुने सोबतीही होते. वसंतदादांनी सांगलीला सहकारी कारखाना उभा केला आणि पुढे ते मुख्यमंत्री झाले. किसन वीर काँग्रेसकडून १९६२ मध्ये साताऱ्याचे खासदार झाले. नागनाथअण्णांनी वाळव्याच्या कारखान्याला मणदूरला पडलेल्या सोबत्याचे, हुतात्मा किसन अहिर यांचे नाव दिले, कुंडलला जी. डी. बापूंचा क्रांतिअग्रणी कारखाना आहे. पोलिसांना चुकवायला जो ऊस उपयोगी पडला, त्याच उसावर पुढे तालुक्यांचे राजकारण चालले. नानांच्या नावावर कारखाना नव्हता, शिक्षणसंस्था नव्हती.

२५ जून १९७५ ला आणीबाणी लागू झाली. देशभर धरपकड झाली, वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले. नानांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. तोवर नाना थकले होते. आणीबाणी उठण्याच्या तीन-साडेतीन महिने आधी, ६ डिसेंबर १९७६ रोजी, मिरजेत त्यांचे निधन झाले आणि अंत्यसंस्कार वाळव्याला झाले. ६ डिसेंबर हा डॉ. आंबेडकरांचाही महापरिनिर्वाण दिन असल्याने वर्तमानपत्रांत नानांच्या वाट्याला त्या दिवशी फार तर एखादा रकाना येतो.

हौसाताई २०२१ मध्ये वारल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये.