जॅक रोधके आणि सरसकट इशारा: पार्श्वभूमी

स्वयंप्रतिकार विकारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत, विकरांवर (एन्झाइमवर) नेम धरण्याची कल्पना जुनीच आहे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही औषधे डीएनए घडवण्यासाठी लागणाऱ्या विकरांना अडवतात, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या इतर पेशींनाही त्यांची झळ बसते. जानस कायनेज, म्हणजेच जॅक कुळातील विकरांचे काम निराळे आहे. १९९० च्या सुमारास उजेडात आलेली ही चार विकरे (जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टीवायके-२) पेशीच्या आतल्या बाजूने सायटोकाइनच्या (पेशींमधील निरोप्या प्रथिनांच्या) ग्राहींना जोडलेली असतात. बाहेर सायटोकाइन येऊन बसले की शेजारची दोन विकरे एकमेकांवर फॉस्फेट चढवून कार्यान्वित होतात आणि स्टॅट प्रथिनांमार्फत तो निरोप थेट केंद्रकातील जनुकांपर्यंत पोहोचतो.

जन्मतःच जॅक-३ निकामी असलेल्या बालकांत टी-पेशी जवळजवळ तयारच होत नाहीत, हे १९९५ मध्ये स्पष्ट झाले आणि हे विकर औषधाचे लक्ष्य म्हणून पुढे आले. त्यातून निघालेल्या टोफासिटिनिब या जॅक रोधकाला, म्हणजे जॅक विकरांना अडवणाऱ्या औषधाला, रुमॅटॉइड संधिवातासाठी अमेरिकेने २०१२ मध्ये मान्यता दिली; युरोपने २०१३ मध्ये ते नाकारले आणि २०१७ मध्ये स्वीकारले.

खरा वाद त्यानंतरचा आहे. वयाची पन्नाशी गाठलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक जोखीम घटक असलेल्या ४,३६२ रुग्णांवरील चाचणीत टोफासिटिनिबची तुलना टीएनएफ रोधकांशी (टीएनएफ हे दाह वाढवणारे सायटोकाइन अडवणाऱ्या औषधांशी) करण्यात आली. गंभीर हृदयवाहिनी घटनांचे प्रमाण अनुक्रमे ३.४ आणि २.५ टक्के, तर कर्करोगाचे ४.२ आणि २.९ टक्के आढळले. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकी नियामकाने चौकटीतील इशारा (औषधाच्या माहितीपत्रकावरील सर्वांत गंभीर इशारा) कडक केला, आणि तो करताना या चाचणीत नसलेल्या बॅरिसिटिनिब व उपाडासिटिनिब या अन्य जॅक रोधकांनाही त्याच मापाने मोजले. कार्यपद्धती समान असल्याने धोकाही समान मानावा, हा त्यामागील युक्तिवाद सावधगिरीचा आहे खरा. पण चाचणीत औषधाविना ठेवलेला गट नव्हता, त्यामुळे टोफासिटिनिब धोका वाढवते की टीएनएफ रोधके तो कमी करतात, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. शिवाय निवडलेले रुग्ण मुळातच जोखमीचे होते. तिशीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या रुग्णाला हाच निष्कर्ष जसाच्या तसा लावणे अवघड आहे. युरोपने २०२३ मध्ये पासष्टी गाठलेले, धूम्रपान करणारे आणि हृदयविकाराची किंवा कर्करोगाची जोखीम असलेले रुग्ण वेगळे काढून, अन्य योग्य पर्याय नसेल तरच त्यांना ही औषधे द्यावीत, असे सांगितले. हा मार्ग अधिक तोलून-मापून घेतलेला दिसतो.

त्याच वर्षी चाई पडण्याच्या विकारासाठी अमेरिकेत मंजूर झालेल्या, जॅक-३ रोखणाऱ्या रिटलेसिटिनिबलाही चौकटीतील इशारा लागला. टीवायके-२ वर काम करणाऱ्या ड्युक्राव्हासिटिनिबला मात्र २०२२ मध्ये सोरायसिससाठी मान्यता मिळताना तो लागला नव्हता. हे औषध विकराच्या क्रियाशील जागेऐवजी त्याच्या नियामक भागाला चिकटते.