अंडकोशाच्या पिशवीची कातडी गेली तरी आतल्या गोळ्या (वृषण) जगतात, कारण त्यांचं रक्त पोटातून येतं

रब्बीची ज्वारी निघाली, मळणी सुरू झाली की पेपरात आतल्या पानावर एखादी छोटी बातमी येतेच, ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमध्ये, म्हणजे मळणीयंत्र फिरवणाऱ्या दांड्यात, धोतर अडकून शेतकरी गंभीर जखमी. कुठं जखमी ते पेपरवाले लिहीत नाहीत, पण गावात सगळ्यांना कळलेलं असतं आणि पारावर एकच वाक्य फिरतं, "संपलं त्याचं, आता कसला संसार." हे वाक्य बहुतेक वेळा चूक असतं, आणि त्या वाक्याच्या भीतीनं माणसं लाजून घरात पडून राहतात म्हणून हे लिहितोय.

पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेऱ्या मारतो, म्हणजे सेकंदाला 9. कापड गुंडाळलं जातंय हे कळून हात खाली जाईपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. अंडकोशाची, म्हणजे वृषणांच्या पिशवीची, कातडी सैल, तिच्याखाली चरबी नाही, आतल्या थराला ती घट्ट चिकटलेली नाही, त्यामुळं कापडाबरोबर ती अख्खी सोलून निघते. वृषण मात्र बऱ्याचदा आपल्या पांढरट आवरणासकट जागेवर लटकलेले असतात, उघडे, पण जिवंत.

कातडी जाण्याचं दुसरं कारण शुगरवाल्यांच्या घरचं, फोर्निए गँगरीन, म्हणजे तिथली कातडी सडण्याचा आजार. 1883 मध्ये फोर्निए नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. गुदद्वाराजवळचं गळू, लघवीच्या मार्गातलं इन्फेक्शन, अशा किरकोळ जागेवरून अनेक जातींचे जंतू एकत्र आत शिरतात, कातडीखालच्या पडद्यातून पसरतात, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, कातडीचं रक्त बंद, ऑक्सिजन कमी, आणि ऑक्सिजन कमी झाला की बिनऑक्सिजनचे जंतू आणखी जोरात वाढतात. कातडी काळी पडते, दाबली तर कधी कधी चुरचुर आवाज येतो. सडलेलं सगळं त्याच दिवशी कापून काढावं लागतं, नाहीतर जीव जातो. आणि इथंही आत वृषण बहुतेक वेळा शाबूत सापडतात.

हे कसं काय? मला या सगळ्यात सर्वात जास्त आवडणारी गोष्ट ही आहे. बाळ आईच्या पोटात असताना वृषण खाली पिशवीत तयारच होत नाहीत, ते तयार होतात वर, किडनीशेजारी. तिथंच त्यांना महाधमनीतून स्वतःची धमनी मिळते. मग साधारण सातव्या महिन्यात ते जांघेच्या वाटेनं खाली उतरतात आणि बहुतेक मुलांत जन्मापर्यंत पिशवीत पोचलेले असतात, आणि उतरताना धमनी, शिरा, नसा सगळं लटांबर बरोबर ओढत आणतात. म्हणून मोठेपणीही वृषणाची धमनी किडनीच्या धमनीच्या जरा खालीच निघते आणि एवढं अंतर कापून खाली येते. पिशवीच्या कातडीचं रक्त वेगळंच, पुढून मांडीच्या धमनीच्या फांद्यांतून आणि मागून ओटीपोटाच्या आतल्या धमनीच्या फांद्यांतून. सोलापूरकरांच्या भाषेत, गल्लीतला बोअर आटला तरी उजनी धरणाच्या लाइनचं पाणी घरात येतं, कारण दोन्हींचा एकमेकांशी संबंधच नाही.

याचा पुरावा प्रत्येक पुरुषानं अनुभवलाय. क्रिकेट खेळताना तिथं बॉल लागला की कळ वर पोटात जाते, मळमळतं. कारण वृषणाच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोचतात तिथंच बेंबीभोवतीच्या संवेदनाही पोचतात. कॅन्सरचंही तसंच, वृषणाचा कॅन्सर आधी पोटात महाधमनीशेजारच्या लसिका गाठींत जातो, पिशवीच्या कातडीचा कॅन्सर मात्र जांघेतल्या गाठींत.

आणि पुरुषी हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, वृषणात बनून सरळ रक्तात जातं. कातडीचा त्यात काडीचाही भाग नाही.

आता दुरुस्ती. थोडीच कातडी गेली असेल, अगदी निम्मी गेली तरी, उरलेली ताणून शिवता येते, एवढी ती ताणते. सगळी गेली तर मांडीवरून कातडीचा पातळ काप (ग्राफ्ट) घेतात, साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटरचा, केसांची मुळं मांडीतच राहतात म्हणून मांडी दोनेक आठवड्यांत पुन्हा भरून येते. त्या कापाला मशीनमधून जाळीसारखी छिद्रं पाडतात, दोन्ही वृषण मध्ये एकमेकांना टाके घालून स्थिर करतात आणि त्यांच्यावर ती कातडी बसवतात. पहिले दोन दिवस या कातडीला रक्तपुरवठाच नसतो, ती खालच्या जखमेतून झिरपणारा द्रव शोषून तग धरते. मग खालच्या आणि वरच्या बारीक वाहिन्यांची तोंडं एकमेकांना जुळायला लागतात आणि पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत त्यात रक्त खेळायला लागतं. मधे रक्त साचलं किंवा कातडी सरकली तर सगळं वाया, म्हणून ते दिवस दाबाची पट्टी किंवा व्हॅक्यूम ड्रेसिंग. जाळीची छिद्रं भरून आली की नैसर्गिक सुरकुत्यांसारखी नक्षी राहते.

दुसरा मार्ग फ्लॅपचा, मांडीच्या आतल्या बाजूची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट वळवून आणायची. मोठ्या, खोल जखमेला हा भक्कम. पण तो जाड, आणि शुक्राणू बनायला शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. खरी पिशवी गरमीत सैल होते, थंडीत आखडते, वर येणाऱ्या थंड शिरा खाली जाणारं धमनीचं रक्त गार करतात. नवीन कातडीत आखडणारा स्नायूच नसतो. म्हणून मूल हवं असलेल्या तरुणाचा विचार करताना सर्जन पातळ ग्राफ्टकडे झुकतात.

आपला सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला, त्यात पिशवी सुजून कातडी जाड होते तेव्हाही ती काढून हीच कामं करावी लागतात.

मला राग येतो तो एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या गुप्तरोगवाल्यांचा आणि करणी झाली म्हणून अंगारा लावणाऱ्यांचा. गँगरीनमध्ये एक रात्र गेली की कातडी, मांडी, पोट, मग माणूसच जातो. शुगर असेल आणि तिथं लालसरपणा, सूज, दिसतंय त्यापेक्षा जास्त दुखणं, ताप असेल तर रात्रीच सिव्हिल गाठा. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या औषधांबद्दल अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं ऑगस्ट 2018 मध्ये याच आजाराचा इशारा दिलाय, धोका दुर्मिळ आहे, औषध मनानं बंद करायचं नाही, पण लक्षण दिसलं तर डॉक्टरला हे औषध घेतोय हे सांगायचं.

मार्च 2018 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये अफगाणिस्तानात स्फोटात जखमी झालेल्या सैनिकाला दुसऱ्या माणसाचं लिंग आणि अंडकोश एकत्र बसवले, 14 तास ऑपरेशन चाललं. वृषण मात्र मुद्दाम बसवले नाहीत, कारण त्यातून होणारं मूल रक्तानं दात्याचं झालं असतं आणि दात्यानं त्याला संमती दिलेली नव्हती. असं प्रत्यारोपण झालं की शरीरानं ते नाकारू नये म्हणून आयुष्यभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, मळणीत जखमी झालेल्या ज्या शेतकऱ्याचे वृषण शाबूत आहेत त्याला याची गरजच नाही, त्याच्याच मांडीची कातडी पुरते.