आले : लागवड

आले : हळद व वेलदोडा यांच्या कुलातील (झिंजिबरेसी) बहुवर्षायू ओषधी, शेतात मात्र ती हंगामी पीक म्हणून घेतात. शास्त्रीय नाव झिंजिबर ऑफिसिनॅले. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी 1753 मध्ये तिचा समावेश ॲमोमम प्रजातीत केला होता. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉस्को यांनी 1807 मध्ये ती झिंजिबर प्रजातीत आणली. जमिनीवर दिसणारा दांडा हे खोड नसून एकमेकांना वेढणाऱ्या पर्णतळांचे आभासी खोड होय. खरे खोड जमिनीत आडवे वाढते, तेच आले. फुले क्वचित येतात आणि बी जवळजवळ धरतच नाही. त्यामुळे प्रत्येक झाड हे आधीच्या एखाद्या झाडाचा तुकडाच असते. या पिकाचा इतिहास, त्याचे रोग आणि त्याची निगा या तिन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

वन्य अवस्थेतील आले कोठेही खात्रीने आढळलेले नाही. मूलस्थान म्हणून भारत, दक्षिण चीन व आग्नेय आशिया ही तिन्ही नावे पुढे येतात. झिंजिबर प्रजातीतील जातींची विविधता आग्नेय आशियात विशेष असल्याने तिकडचा पक्ष अधिक सबळ वाटतो. पॅसिफिक बेटांवर ते दर्यावर्दी ऑस्ट्रोनेशियन लोकांनी नेले असावे. भारतातील लागवड फार जुनी आहे, पण तिचा आरंभ कोणत्या शतकात झाला हे सांगणे कठीण.

नावाचा वाद याहून मनोरंजक आहे. संस्कृत ‘शृंगवेर’, पाली ‘सिंगिवेर’, ग्रीक ‘झिंगिबेरिस’ व लॅटिन ‘झिंजिबर’ ही एकाच शब्दाची रूपे. ‘शिंगासारखे शरीर असलेले’ ही संस्कृत फोड कंदाच्या आकाराला चपखल बसते, आणि नेमकी म्हणूनच ती मागाहून जुळवलेली असण्याचा संभव आहे. तमिळमध्ये आल्याला ‘इंजि’ व मुळाला ‘वेर’ म्हणतात. या जोडीतून निघालेला द्राविडी शब्द संस्कृतात आला व तेथे ‘शृंग’ शब्दाच्या वळणावर गेला, हे मत अधिक ग्राह्य दिसते. मराठी ‘आले’ मात्र ‘आर्द्रक’ (ओले) या शब्दावरून आले; वाळलेली ती सुंठ. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी यांनी आले हे मिरीच्या झाडाचे मूळ नव्हे असे बजावले, पण ते अरबस्तानात व तांबड्या समुद्राच्या पश्चिमेस पिकते असे लिहिले. व्यापाऱ्यांच्या बंदरालाच त्यांनी मूलस्थान मानले असावे.

लागवडीस उष्ण व दमट हवा आणि निचऱ्याची भुसभुशीत जमीन लागते. साधारणतः 20–25 ग्रॅ. वजनाचे, एक-दोन ठसठशीत डोळे (कोंब फुटण्याच्या जागा) असलेले बेणे (लावण्यासाठी घेतलेला कंदाचा तुकडा) गादीवाफ्यावर 20–25 सेंमी. अंतराने, 4–5 सेंमी. खोल, डोळा वर ठेवून लावतात. वर पाल्याचे आच्छादन देतात. पुढे खुरपणी, खते आणि कंद उघडा पडू नये म्हणून मातीची भर ही नेहमीची कामे. ओल्या वापरासाठी सहा महिन्यांपासून, सुंठीसाठी आठ-नऊ महिन्यांनी काढणी होते. उशिरा काढलेल्या आल्यात तंतू वाढतात. वाळताना आल्यातील जिंजेरॉल या तिखट द्रव्याचे अंशतः शोगाओल हे त्याहून तिखट द्रव्य होते. सुंठ अधिक झोंबते ती त्यामुळे.

घरी कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी घ्यावी, कारण कंद आडवा पसरतो. तळाला भोके आणि थोडी सावली हवी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचेच द्यावे : मुळे नसलेला तुकडा पाणी ओढू शकत नाही, नुसता भिजून कुजतो. बहुतेक कुंड्या येथेच फसतात.

रोगांपैकी दोन जीवघेणे आहेत. पिथियम बुरशीमुळे होणाऱ्या कंदकुजीत पाने टोकाकडून पिवळी पडतात, बुंधा पाणचट होतो आणि दांडा हलकेच ओढला तरी हातात येतो. राल्स्टोनिया जीवाणूमुळे होणाऱ्या मररोगात पाने गुंडाळतात. ओळख पटवायची तर दांडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. काही वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरू लागतो. हा जीवाणू टोमॅटो, बटाटा, वांगी व मिरची यांवरही जगत असल्याने या पिकांनंतर त्याच जागी आले घेऊ नये. दोन्ही रोग माती व पाण्याबरोबर पसरतातच, पण दूरच्या निरोगी शेतात ते पोचतात ते बहुधा बेण्यातून.

म्हणून बेण्याची निवड काढणीच्या वेळी नव्हे, पीक सहा-आठ महिन्यांचे व हिरवे असतानाच करावी. निरोगी वाफे तेव्हाच खुणा करून ठेवावे लागतात. एकदा पाने वाळली की रोगट व निरोगी झाड सारखेच दिसते. निवडलेले कंद सावलीत, खड्ड्यात कोरडी वाळू किंवा भुसा यांच्या थरांत ठेवतात. वर हवेसाठी जागा सोडतात आणि अधूनमधून उघडून सडका किंवा सुरकुतलेला तुकडा काढून टाकतात.