हायकोर्टात ‘दुसरं अपील’ नसतं, रिव्हिजन असते

“सेशननं अपील खारीज केलं तं काय झालं, हायकोर्टात दुसरं अपील हाये ना!” नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात हे वाक्य कानावर पडलं नाही असा माझा आठवडा जात नाही. म्हणणारा कधी काटोलचा संत्रा व्यापारी असतो, चेक बाउन्समध्ये सहा महिने लागलेला. कधी मारहाणीत शिक्षा झालेल्याचा मोठा भाऊ. त्या सगळ्यांना एकदाच सांगतो: अपिलात कायम झालेल्या शिक्षेवर फौजदारी कायद्यात दुसरं अपील नाही. हायकोर्टात जाता येतं, पण सोबत नेता ती रिव्हिजन, म्हणजे पुनरीक्षण.

अपील सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर. न्यायदंडाधिकाऱ्यानं शिक्षा दिली तर सत्र न्यायालयात, म्हणजे सेशनमध्ये, 30 दिवसांत. सत्र न्यायालयानंच खटला चालवला असेल तर हायकोर्टात, 60 दिवसांत. फाशी असेल तर 30. पूर्वी हे सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, कलम 374 मध्ये होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 415 मध्ये आहे. किरकोळ दंडावर किंवा गुन्हा कबूल केल्यावर अपिलाला मर्यादा आहेत. बस.

घोळ होतो तो शेजाऱ्यामुळे. शेजारच्या पोराचा खुनाचा खटला थेट सेशनमध्ये चालला, त्यामुळे त्याचं पहिलंच अपील हायकोर्टात गेलं. ते पाहून चेकवाल्याला वाटतं, आपलंही तिथे अपीलच होणार. पण त्याचं अपील सेशनमध्ये होऊन गेलेलं असतं! भरीला शेतीच्या वाटणीचे दावे. दिवाणीत, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 खाली, हायकोर्टात दुसरं अपील खरंच असतं (तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच), आणि विदर्भात ज्याच्या घरात वाटणीचा दावा नाही असं घर शोधावं लागेल. तो शब्द घरातूनच फौजदारीत येतो.

आता खरा फरक. अपील हा तुमचा हक्क आहे, रिव्हिजन हा कोर्टाचा अधिकार आहे. अपिलात कोर्ट सगळा पुरावा नव्यानं तोलतं: हा साक्षीदार उलटतपासणीत का डगमगला, पंचनाम्यावरची वेळ जुळते का, चेकवरच्या सहीबद्दलच्या तज्ज्ञावर विश्वास ठेवावा का. रिव्हिजनमध्ये हायकोर्ट खालच्या कोर्टाची कागदपत्रं मागवून आदेश बरोबर, कायदेशीर आणि उचित आहे का एवढंच पाहतं. दोन कोर्टांनी साक्षीदार खरा मानला असेल तर तिसऱ्यांदा ‘तो खोटं बोलला हो’ म्हणून भागत नाही. मग काय चालतं? महत्त्वाचा पुरावा नजरेआडच केला, उलटतपासणीची संधीच दिली नाही, कुठल्याही समंजस माणसानं काढला नसता असा निष्कर्ष काढला, किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची मर्यादा 3 वर्षांची असताना 4 वर्षं दिली आणि अपिलातही ते तसंच राहिलं.

हक्क आणि अधिकार हा शब्दच्छल वाटत असेल तर दोन गोष्टी पाहा. दाखल झालेलं अपील केवळ वकील हजर नाही म्हणून गुणदोष न पाहता काढून टाकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये ठरवलं आहे. उलट रिव्हिजनमध्ये कुठल्याही पक्षकाराला स्वतः किंवा वकिलामार्फत ऐकलं जाण्याचा हक्कच नाही, असं संहितेचं कलम 444 सांगतं. कोर्टाला वाटलं तर ते ऐकेल. फक्त आरोपीच्या विरुद्ध आदेश करायचा झाला, तर त्याला बाजू मांडू द्यावीच लागते.

म्हणून मला सगळ्यात चीड येते ती अपिलाचा जुना मेमो, म्हणजे अर्ज, उघडून, वरचं ‘अपील’ खोडून ‘रिव्हिजन’ टाकणाऱ्यांची. आत तेच साक्षीदार, तीच विसंगती, तीच पानं. आणि पक्षकाराला सांगायचं, “भाऊ, काळजी करू नका, पुन्हा पहिल्यापासून चालते.” चालत नाही!

आणखी दोन खड्डे. अपील करता येत असताना ते केलं नाही आणि सरळ हायकोर्टात रिव्हिजन घेऊन गेलात तर कलम 442 आड येतं. गैरसमजातून तसं झालं असेल आणि न्यायासाठी गरज वाटली, तर हायकोर्ट ती अपील म्हणून घेऊ शकतं, पण त्या भरवशावर बसू नका. दुसरा खड्डा: ज्या आदेशावर सेशन आणि हायकोर्ट दोघांकडेही रिव्हिजन होऊ शकते, तिथे एकाच पक्षकाराला एकच दार आहे. सेशननं फेटाळली की तीच रिव्हिजन हायकोर्टात पुन्हा नाही.

पेपरवाले या सगळ्याला सरसकट ‘फेरविचार’ म्हणतात, ते तर विचारूच नका. फेरविचार म्हणजे त्याच कोर्टानं आपलाच निकाल पुन्हा पाहणं. सही झालेला फौजदारी निकाल कोर्टाला लेखनातली किंवा हिशेबाची चूक सुधारण्यापलीकडे बदलता येत नाही, आणि ते हायकोर्टालाही लागू आहे. फेरविचार आणि क्युरेटिव्ह (फेरविचारही फेटाळल्यावरचा शेवटचा अर्ज) या सुप्रीम कोर्टातल्या गोष्टी. नागपूरकरांच्या तोंडी हे शब्द बसले ते 2015 च्या जुलैत, 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनच्या वेळी. क्युरेटिव्ह 21 तारखेला फेटाळली, 30 ला पहाटे सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली आणि सकाळी इथल्याच मध्यवर्ती कारागृहात फाशी. तेव्हापासून चेक बाउन्सवालाही मला विचारतो, “क्युरेटिव्ह टाकता येईल का?” आधी तुमची रिव्हिजन तर वेळेत जाऊ द्या काका, मुदत 90 दिवसांची आहे, आणि सेशनच्या निकालाची प्रमाणित प्रत अजून तुम्ही मागितलेलीच नाही.