शाफ्ट शॉर्ट की लाँग? टेप ट्रान्समला लावा, पाण्याला नाही

छोट्या होडीला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेरून अडकवायची मोटर, घेताना सगळी चर्चा हॉर्सपॉवरची होते. होडीवर कमाल हॉर्सपॉवर लिहिलेली असली, तर ती ओलांडायची नाही, एवढं पुरे. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? फोर-स्ट्रोक जड असते, पण पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागत नाही आणि आवाजही कमी. मी तीच घेईन.

घोळ होतो तो शाफ्टचा, म्हणजे मोटरच्या पाण्यात खाली पंख्यापर्यंत (प्रॉपेलर) जाणाऱ्या पायाच्या लांबीचा. 'खोल पाण्यात लाँग, उथळ पाण्यात शॉर्ट' हा सल्ला ऐकून मी कंटाळलो आहे. पाण्याच्या खोलीवर शाफ्ट ठरत नाही, होडीच्या लांबीवरही नाही. तो ठरतो ट्रान्समच्या, म्हणजे मोटर अडकवतात त्या मागच्या फळीच्या उंचीवर. फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप सरळ उभा धरा. साधारण 15 इंच भरले तर शॉर्ट, 20 तर लाँग, 25 तर एक्स्ट्रा लाँग. मोटरचं माप ब्रॅकेट फळीवर टेकतो तिथपासून पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटपर्यंत घ्यायचं. जुनी मोटर घेणारे हटकून पंख्याच्या खालच्या टोकापर्यंत मोजतात आणि शॉर्टलाच लाँग समजून घरी आणतात.

ती प्लेट होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी. 20 इंची फळीवर शॉर्ट लावली की प्लेट पाच इंच वर राहते. मग वळताना किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. इंजिन थंड ठेवायला पाणी ओढणारी जाळी उघडी पडली तर इंजिन तापतं ते वेगळंच. उलट 15 इंची फळीवर लाँग चालते खरी, पण पाच इंच जास्तीचा पाय पाण्यात ओढत नेते आणि उथळात आधी आपटते. फळीवर ठोकळा बसवून मोटर वर घेता येते. आखूड शाफ्ट वाढवणं इतकं सोपं नाही. शिडाच्या होडीला मात्र मी लाँगच सुचवेन, कारण लाटांवर तिचा मागचा भाग उचलला जातो.

आणि पंख्याने हवा ओढली की त्याला 'कॅव्हिटेशन' म्हणू नका. कॅव्हिटेशनमध्ये पंख्याच्या पात्यावरचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होते. वरून हवा आत शिरते ते व्हेंटिलेशन. नावाच्या या गोंधळापायी लोक एकामागून एक पंखे बदलत बसतात, आणि शाफ्ट तसाच पाच इंच आखूड राहतो.